पोटफुगी, गुरांतील

पोटफुगी, गुरांतील : गाई, बैल, म्हशी, शेळ्या, मेंढ्या इ. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या जठराच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यात तयार होणारे वायू बाहेर न पडता आतच कोंडून राहिले म्हणजे पोट फुगते. या विकाराला पोटफुगी म्हणतात. काही भागांत त्याला आफरा असेही नाव आहे. विकार सौम्य असेल, तर तो आपोआप किंवा साध्या उपायांनी बरा होतो. तीव्र असेल, तर सुरुवातीपासून दोन-चार तासांतच जनावर दगावू शकते. हा विकार संसर्गजन्य नाही. तथापि एकाच वेळी एकाच हिरव्या पिकात शिरलेल्या कळपातील अनेक जनावरांना तो एकदम होत असल्यामुळे साथ आल्याचा भास होतो.

पोटफुगी महाराष्ट्रात सर्वत्र आढळते; परंतु चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत तिला विशेष महत्त्व आहे. पूर्वीच्या चंद्रपूर (चांदा) जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या क्षेत्रफळाचा सु. तीन-चतुर्थांश भाग वनव्याप्त आहे. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील तालुक्यांत धान (भात) हे मुख्य पीक असून चिखलणी, नांगरणी व वाहतूक ही कामे दीर्घकाळ बैल व रेडे यांच्यावरच अवलंबून राहिली आहेत. या भागातील चिखलात काम करण्यास योग्य अशा मध्यम बांध्याच्या कठाणी गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक साधनसंपत्ती ब्यूरोकडे नोंद झालेली आहे. रोवणीच्या तोंडावर बैल दगावला, तर लहान शेतकऱ्याचा संपूर्ण हंगाम हातचा जाण्याचा संभव असतो. त्यातच गावे विखुरलेली, रस्ते जंगलातून जाणारे आणि पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर येणारा प्रदेश. पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा इतर भागांशी असलेला संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटलेला आहे. पशुवैद्य येईपर्यंतचा काळ हाच या विकारात निर्णायक काळ असतो. म्हणून विकार ओळखणे, त्याचा प्रकार ठरवणे आणि योग्य प्रथमोपचार करणे या गोष्टी गुराखी व पशुपालक यांना माहीत असणे आवश्यक ठरते.

जठराची रचना व वायूंची उत्पत्ती : रवंथ करणाऱ्या जनावरांच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यांपैकी पहिला कप्पा म्हणजे रोमंथिका होय. ती उदरपोकळीचा जवळजवळ संपूर्ण डावा भाग व्यापते. मोठ्या देहाच्या गाईत तिची धारणक्षमता १०० ते २०० लि. असते, विदर्भातील लहान चणीच्या गुरांत ती त्यामानाने कमी असते. खाल्लेला चारा रोमंथिकेत साठतो व तेथील असंख्य सूक्ष्मजीव तो आंबवतात. या किण्वनामुळेच इतर प्राण्यांना न पचणारे गवत व तणस (धानाचा पेंढा) यांपासून या जनावरांना पोषण मिळते. किण्वनात कार्बन डाय-ऑक्साइड व मिथेन हे वायू मोठ्या प्रमाणात निर्माण होतात. एकूण वायूंपैकी सु. दोन-तृतीयांश कार्बन डाय-ऑक्साइड व सु. एक-चतुर्थांश मिथेन असतो. भरपूर चारा खाल्ल्यानंतरच्या काही तासांत मोठ्या गाईच्या पोटात दर तासाला ३० लि. किंवा त्याहूनही अधिक वायू तयार होतो.

एवढा वायू बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग म्हणजे ढेकर होय. निरोगी जनावर दर एक-दोन मिनिटांनी ढेकर देते. मात्र तिचा आवाज सहसा ऐकू येत नाही. रोमंथिकेच्या आकुंचनामुळे वर जमलेला वायू पुढे ढकलला जातो, अन्ननलिकेचे खालचे तोंड उघडते व वायू बाहेर पडतो. यासाठी दोन गोष्टी आवश्यक असतात : वायू द्रवापासून वेगळा होऊन वर जमला पाहिजे आणि अन्ननलिकेचे तोंड द्रवाने वा फेसाने झाकलेले नसले पाहिजे. यांपैकी एकाही गोष्टीत बिघाड झाला की वायू कोंडू लागतो. पोटफुगीचे दोन प्रकार यातूनच उद्भवतात.

प्रकार व कारणे : (१) फेसाळ पोटफुगी : या प्रकारात वायू वेगळा न होता त्याचे असंख्य बारीक बुडबुडे चाऱ्याच्या लगद्यात अडकून राहतात व रोमंथिका फेसाने भरून जाते. हा फेस अन्ननलिकेच्या तोंडाशी आला की ढेकर येण्याची क्रियाच थांबते. कोवळ्या, रसाळ व प्रथिनयुक्त चाऱ्यामुळे, विशेषतः शिंबावंत (शेंगा येणाऱ्या) वनस्पती भुकेल्या पोटी भराभर खाल्ल्यामुळे, हा प्रकार होतो. पानांतील विद्राव्य प्रथिने व हरितकणूंचे सूक्ष्म तुकडे बुडबुड्यांभोवती चिवट पापुद्रा तयार करतात व त्यामुळे फेस टिकून राहतो. कोरडा चारा चघळताना भरपूर लाळ सुटते व ती फेस मोडण्यास मदत करते. रसाळ चारा मात्र फारसा न चावता गिळला जातो, त्यामुळे लाळही कमी सुटते. लसूणघास, बरसीम व क्लोव्हर ही फेसाळ पोटफुगीस कारणीभूत होणारी प्रसिद्ध चारापिके होत. ज्या शिंबावंत वनस्पतींत टॅनिन हे तुरट द्रव्य पुरेशा प्रमाणात असते त्यांमुळे सहसा पोटफुगी होत नाही, कारण टॅनिनामुळे विद्राव्य प्रथिने साक्याच्या रूपात वेगळी होतात.

(२) मुक्त वायूची पोटफुगी : या प्रकारात वायू द्रवापासून वेगळा होऊन वर जमतो, परंतु त्याच्या बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा असतो किंवा रोमंथिकेची हालचाल मंदावलेली असते. आंब्याची कोय, कंद वा न चावलेले फळ अन्ननलिकेत अडकणे हे तीव्र पोटफुगीचे नेहमीचे कारण होय. दोरखंड, चिंध्या व प्लॅस्टिकच्या पिशव्या रोमंथिकेत साठून राहिल्यास पोट वारंवार फुगते. गिळलेली तार वा खिळा दुसऱ्या कप्प्याच्या भित्तीत रुतणे, छातीतील लसीका ग्रंथी वाढून अन्ननलिकेवर दाब येणे, धनुर्वात, तसेच व्यालेल्या गाई-म्हशींत रक्तातील कॅल्शियम कमी होणे यांमुळेही हा प्रकार उद्भवतो. जनावर चिखलात वा खड्ड्यात कुशीवर पडून राहिले, तर द्रव अन्ननलिकेच्या तोंडावर येतो आणि निरोगी जनावराचेही पोट फुगते. म्हणून असे जनावर सापडताच त्याला प्रथम पोटावर सरळ बसवणे आवश्यक असते.

हे दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. त्यांचे उपचार मात्र भिन्न आहेत. मुक्त वायू नळीवाटे झटकन निघून जातो. फेस मात्र नळीतून वा छिद्रातून बाहेर येत नाही, तो आधी मोडावा लागतो. उपचार फसण्याचे एक महत्त्वाचे कारण हा फरक ध्यानात न येणे हे होय.

ऋतुमान व स्थानिक परिस्थिती : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील पीकपद्धती व चराई यांच्यामुळे वर्षाच्या निरनिराळ्या काळांत निरनिराळी कारणे पुढे येतात. पहिल्या पावसानंतर उन्हाळाभर अर्धपोटी राहिलेली गुरे कोवळ्या गवतावर तुटून पडतात. चाऱ्यातील या अचानक बदलामुळे पचन बिघडून पोटे फुगतात. श्रावण अमावास्येला येणाऱ्या पोळ्याच्या सणात बैलांना पुरणपोळी व इतर शिजवलेले अन्न कौतुकाने खाऊ घातले जाते. घरोघरी मिळालेला हा घास मिळून मोठा होतो व दुसऱ्या दिवशी बैल रवंथ सोडून बसतो. दिवाळीतील गायगोधनाच्या वेळीही अशीच स्थिती उद्भवते.

धानाच्या प्रदेशात उतेरा पद्धतीने रबी पीक घेण्याची जुनी रीत आहे. धान कापणीपूर्वी काही दिवस बांधीतील ओलीवर लाखोळी, जवस, उडीद, मूग इत्यादींचे बी फेकतात आणि धान निघाल्यावर ही पिके नांगरटीवाचून वाढतात. धान निघाल्यानंतर गुरे मोकळी सोडण्याची प्रथाही जुनीच आहे. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत कोवळ्या लाखोळीत वा इतर शिंबावंत पिकांत कळप शिरण्याचे प्रसंग येतात. पहाटेच्या दवाने ओले झालेले असे पीक भुकेल्या गुरांना मिळाल्यास फेसाळ पोटफुगीचा धोका सर्वाधिक असतो. (लाखोळीच्या दाण्यातील विषारी घटकामुळे माणसांना होणारा कलायखंज हा पायांचा लकवा पूर्णपणे निराळा विकार आहे.) जिल्ह्याच्या पश्चिमेकडील वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या काळ्या जमिनीच्या तालुक्यांत हरभरा व सोयाबीन या पिकांमुळे असेच प्रसंग येतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांचा हंगाम असतो. पहाटे गळणारी ही रसाळ फुले गुरे आवडीने खातात. वाळलेल्या मोहफुलाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. थोडी फुले अपायकारक नसतात. परंतु वाळवणीवर वा साठवणीच्या कणगीवर तोंड पडून ती मोठ्या प्रमाणात खाल्ली गेली, तर रोमंथिकेत लॅक्टिक अम्ल साचून गंभीर अम्लविकार होतो. खळ्यावरील धान किंवा लग्नसराईतील उरलेला भात अति खाल्ल्यानेही हेच घडते. उन्हाळ्याच्या अखेरीस चारा व पाणी यांच्या टंचाईमुळे गुरे उकिरड्यावरील प्लॅस्टिक खातात व आंब्याच्या कोयी अन्ननलिकेत अडकण्याचे प्रकारही याच काळात होतात.

लक्षणे : चाऱ्यातून परतलेले जनावर खाणे व रवंथ करणे थांबवते, हे पहिले लक्षण होय. त्यानंतर डाव्या बाजूची भकाळी (शेवटची बरगडी, माकडहाड व कमरेचे मणके यांमधील खळगा) भरून येते आणि पुढे पाठीच्या कण्याच्याही वर फुगते. तेथील कातडी ताणलेली लागते व बोटांनी ठोकल्यास नगाऱ्यासारखा आवाज येतो. जनावर अस्वस्थ होऊन वारंवार उठते-बसते, मागील पायांनी पोटावर लाथा मारते, दात खाते, थोडेथोडे शेण व मूत्र टाकते. विकार वाढल्यावर उजवी बाजूही फुगते. मान लांब करून, तोंड उघडे ठेवून व जीभ बाहेर काढून जनावर श्वास घेऊ लागते. तोंडातून लाळ गळते. डोळ्यांच्या व तोंडाच्या आतील त्वचा निळसर पडते. अखेरीस झोक जाऊन जनावर कोसळते व त्यानंतर थोड्याच वेळात मृत्यू येतो.

फुगलेली रोमंथिका मध्यपटलाला (छाती व उदर यांमधील स्नायूंच्या पडद्याला) पुढे रेटते, त्यामुळे फुप्फुसे प्रसरण पावू शकत नाहीत. त्याच वेळी उदरातील मोठ्या नीलांवर दाब पडून हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते. मृत्यू येतो तो मुख्यतः या गुदमरण्याने. पोट फुटल्यामुळे नव्हे. म्हणून श्वासाचा त्रास सुरू होणे ही धोक्याची खूण मानतात.

निदान : पोटफुगीशी साम्य असलेले अनेक विकार आहेत. केवळ वाळलेले तणस व अपुरे पाणी यांवर राहिलेल्या गुरांत रोमंथिका चाऱ्याने गच्च भरते. अशा वेळी भकाळीवर बोट दाबल्यास कणकेच्या गोळ्याप्रमाणे खळगा पडतो व ठोकल्यास भरीव आवाज येतो. ही स्थिती एक-दोन दिवसांत हळूहळू वाढते व तीत तातडीने छेद घेण्याचे कारण नसते. धान्य, भात वा मोहफुले अति खाल्ल्याने झालेल्या अम्लविकारात पोट बेताचे फुगते, परंतु आत पाणी हलल्यासारखा आवाज येतो. जनावर झिंगल्यासारखे चालते, आंबूस वासाचे पातळ शेण टाकते व डोळे खोल जातात. अन्ननलिकेत काही अडकले असल्यास लाळ व पाणी नाकातोंडावाटे परत येते आणि कित्येकदा मानेच्या डाव्या बाजूला गाठ हाताला लागते. ज्वारीचे कोवळे वा सुकलेले पोंगे खाल्ल्याने होणाऱ्या हायड्रोसायनिक अम्लाच्या विषबाधेतही (किराळ लागणे) पोट फुगते. परंतु तीत धाप व झटके काही मिनिटांतच सुरू होतात व आरंभी तोंडातील त्वचा निळसर न होता लालभडक दिसते. या विषबाधेवर पशुवैद्याने शिरेतून द्यावयाची स्वतंत्र औषधे आहेत.

सर्वांत महत्त्वाचा विकारभेद संसर्गजन्य काळपुळी अथवा फाशी या रोगाशी करावा लागतो. या रोगात जनावर अचानक मरते, प्रेत लवकर व खूप फुगते आणि नाक, तोंड वा गुदद्वार यांवाटे न गोठणारे काळपट रक्त येते. असे प्रेत उघडल्यास वा त्याचे कातडे सोलल्यास रोगजंतूंचे चिवट बीजाणू जमिनीत मिसळून वर्षानुवर्षे टिकतात व माणसालाही रोग होऊ शकतो. प्रत्येक मृत जनावर काही काळाने फुगतेच. त्यामुळे फुगलेले प्रेत दिसले म्हणून पोटफुगीने मृत्यू आला असे समजता येत नाही. कारण माहीत नसलेल्या मृत्यूत प्रेताला हात न लावता पशुवैद्यास कळवणे इष्ट असते. पशुवैद्याने केलेल्या मरणोत्तर तपासणीत अन्ननलिकेचा मानेतील भाग रक्ताने गच्च भरलेला व छातीतील भाग फिकट दिसल्यास मृत्यू पोटफुगीने आल्याचे ठरवता येते.

घोड्यातील पोटशूळ : घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर लहान (सु. ८ ते १५ लि.) असून जठराच्या तोंडाच्या रचनेमुळे त्याला ओकारी जवळजवळ अशक्य असते. चाऱ्याचे किण्वन मोठ्या आतड्यात होते. त्यामुळे वायू कोंडला, चारा तुंबला वा आतड्याला पीळ पडला म्हणजे तीव्र वेदना होतात. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून कुशीकडे पाहतो, घामाघूम होतो व जमिनीवर लोळतो. गुरांत मुख्य धोका गुदमरण्याचा, तर घोड्यांत आतड्याचा पीळ, त्याचा रक्तपुरवठा बंद पडणे वा जठर फुटणे यांचा असतो. म्हणून गुरांना दिला जाणारा तेलाचा काढा घोड्याला पाजणे हितावह नाही. त्याचे खाणे बंद करून पशुवैद्याला बोलावणे हाच मार्ग होय.

प्रथमोपचार : पोटफुगी लक्षात येताच खाणे बंद करून जनावर उभे ठेवतात. बांधावर किंवा उतारावर पुढचे पाय उंच राहतील असे उभे केल्यास मध्यपटलावरील दाब कमी होतो व अन्ननलिकेचे तोंड द्रवाच्या वर येण्यास मदत होते. कडुनिंबाची अथवा बांबूची सु. ३० सेंमी. लांब व अंगठ्याएवढी जाड काठी लगामासारखी तोंडात आडवी धरून तिची दोन्ही टोके दोरीने शिंगांना बांधतात. जनावर ती चघळत राहते, लाळ सुटते व ढेकर येण्यास चालना मिळते. डाव्या भकाळीवर तळहाताने चोळणे व जनावराला सावकाश चालवणे हेही उपयुक्त असते. पळवणे मात्र घातक ठरते, कारण आधीच अपुऱ्या पडलेल्या श्वासावर त्यामुळे अधिक ताण येतो.

फेसाळ पोटफुगीत खाद्यतेल हे सहज मिळणारे व परिणामकारक औषध आहे. तेलामुळे बुडबुड्यांभोवतीचा पापुद्रा फुटतो व वायू मोकळा होतो. जवस, करडई, तीळ, भुईमूग वा सोयाबीन यांपैकी कोणतेही तेल चालते. मोठ्या जनावरास २५० ते ५०० मिली. व शेळी-मेंढीस ५० ते १०० मिली. तेल देतात. मोठ्या जनावराच्या तेलात ३० ते ६० मिली. टर्पेंटाइन मिसळण्याची पद्धतही रूढ आहे, परंतु ते तेलाशिवाय कधीही देत नाहीत. रंगकामासाठी तयार केलेले उकळलेले जवसाचे तेल विषारी असल्यामुळे वर्ज्य आहे. पाजताना जनावराचे डोके फार उंच करू नये व जीभ ओढून धरू नये. तेल थोडेथोडे ओतून प्रत्येक घोट गिळू द्यावा व ठसका लागताच थांबावे. तेल श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसदाह होऊन बचावलेले जनावर नंतर दगावते. कोसळलेल्या किंवा गिळू न शकणाऱ्या जनावरास तोंडाने काहीही पाजू नये.

पशुवैद्यकीय चिकित्सा : पशुवैद्य तोंडात अडसर घालून सु. २ ते २.५ सेंमी. व्यासाची लवचिक नळी अन्ननलिकेतून रोमंथिकेत घालतात. नळीतून वायूचा झोत आल्यास मुक्त वायूची पोटफुगी ठरते व आराम ताबडतोब पडतो. नळी फेसाने बुजल्यास फेसाळ पोटफुगीचे निदान होते व त्याच नळीतून तेल किंवा सिमेथिकोन, पोलॉक्सॅलीन यांसारखी फेसनाशक औषधे सोडतात. पोलॉक्सॅलिनाचा वापर १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील संशोधनातून सुरू झाला. अम्लविकारात सोडिअम बायकार्बोनेट व शिरेतून द्रव देतात. अडकलेली वस्तू काढणे, प्लॅस्टिक वा तार शस्त्रक्रियेने काढून टाकणे आणि कॅल्शियमची उणीव भरून काढणे हे त्या त्या कारणावरील उपचार होत.

श्वास अडखळू लागल्यास व नळी घालण्यास अवधी नसल्यास ट्रोकार हे टोकदार शस्त्र व त्यावर बसणारी कॅन्यूला ही नळी वापरतात. शेवटची बरगडी, माकडहाड व कमरेच्या मणक्यांची आडवी टोके यांपासून सारख्या अंतरावर डाव्या भकाळीच्या मध्यभागी, खाली व पुढे म्हणजे उजव्या कोपराच्या दिशेने ते खुपसून ट्रोकार काढून घेतात व वायू हळूहळू बाहेर सोडतात. ही क्रिया मुक्त वायूच्या पोटफुगीत प्राणरक्षक ठरते. फेसाळ पोटफुगीत मात्र नेहमीची नळी फेसाने बुजते. अशा वेळी पशुवैद्यास भकाळीत मोठा छेद घेऊन रोमंथिका मोकळी करावी लागते. शस्त्राच्या जखमेतून चाऱ्याचा द्रव उदरपोकळीत गेल्यास उदरावरणाचा दाह होतो. म्हणून हा उपाय शिकलेल्या व्यक्तीनेच व अखेरचा मार्ग म्हणून करावयाचा असतो. इंग्रज कादंबरीकार टॉमस हार्डी यांच्या फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड (१८७४) या कादंबरीत कोवळ्या क्लोव्हरच्या कुरणात शिरून फुगलेल्या मेंढ्यांना एक धनगर अशाच शस्त्राने वाचवतो, असा प्रसंग आहे. यावरून हा विकार व त्यावरील हा उपाय किती जुना आहे, याची कल्पना येते.

महाराष्ट्रात पशुवैद्यकीय सेवा तालुका व ग्रामपातळीवरील दवाखान्यांमार्फत दिली जाते. १९६२ या दूरध्वनी क्रमांकावरून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. पथकाला कळवताना जनावराने काय व केव्हा खाल्ले, पोट केव्हापासून फुगले आणि श्वासाला त्रास होत आहे किंवा नाही, या तीन गोष्टी सांगितल्यास योग्य साहित्य बरोबर आणणे शक्य होते.

गैरसमजुती : फुगलेल्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची रीत काही ठिकाणी आढळते. डागल्यामुळे रोमंथिकेतील वायू कमी होत नाही. उलट मोलाचा वेळ वाया जातो व जखम चिघळते. हिंग, ओवा, सुंठ इ. घरगुती औषधे सौम्य अपचनात उपयोगी पडतात, परंतु तीव्र फेसाळ पोटफुगीत त्यांच्यावर विसंबून राहणे धोक्याचे असते. सुरी वा विळा भोसकून वायू काढण्याच्या प्रयत्नात जागा चुकल्यास मूत्रपिंड, प्लीहा वा आतडी यांना इजा होते. पोट उतरल्याबरोबर जनावराला पुन्हा हिरव्या चाऱ्यावर सोडल्यास विकार उलटतो. म्हणून पुढील १२ ते २४ तास थोडा कोरडा चारा व पाणी एवढेच देतात.

प्रतिबंध : कोवळ्या शिंबावंत पिकाच्या परिसरात गुरे सोडण्यापूर्वी त्यांना तणस, कडबा वा वाळलेले गवत खाऊ घालणे हा सर्वांत सोपा व स्वस्त उपाय होय. अर्धे पोट कोरड्या चाऱ्याने भरलेले जनावर हिरवा चारा हावरेपणाने खात नाही व चघळण्यामुळे लाळही पुरेशी सुटते. दव वाळल्यानंतरच गुरे चरावयास न्यावीत. हिरवा चारा कापून थोडा सुकवावा व कोरड्या चाऱ्यात मिसळून द्यावा. चाऱ्यातील कोणताही बदल एक ते दोन आठवड्यांत क्रमाक्रमाने करावा, म्हणजे रोमंथिकेतील सूक्ष्मजीवांना नव्या चाऱ्याशी जुळवून घेता येते. धोक्याच्या काळात मोठ्या जनावरास रोज ६० ते १२० मिली. खाद्यतेल आंबोणातून दिल्यास फेस धरत नाही. तणसावर यूरियाची प्रक्रिया करताना (१०० किग्रॅ. तणसास ४ किग्रॅ. यूरिया) यूरिया पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडणे व तणस सु. तीन आठवडे झाकून ठेवणे आवश्यक असते. खडे राहिल्यास विषबाधा होते व तिच्यातही पोट फुगते.

पोळ्याचा नैवेद्य बैलाला नावापुरता देणे, मोहफुलांची वाळवण व धानाची खळी कुंपणाने सुरक्षित ठेवणे, लग्नातील उरलेला भात उकिरड्यावर न टाकता पुरणे आणि आंब्याच्या कोयी व प्लॅस्टिक गुरांच्या वाटेत पडू न देणे या साध्या गोष्टींनी बरेचसे मृत्यू टळतात. पूर्व विदर्भातील गावांत सकाळी आखरावर (गुरे जमा करण्याच्या जागेवर) गावाची गुरे एकत्र येतात व गायकी (गावाचा गुराखी) त्यांना रानात नेतो. दिवसभर गुरांवर नजर असणारा हा एकमेव माणूस असल्याने भरून आलेली भकाळी प्रथम त्यालाच दिसते. गायकीजवळ दोरी, काठी व तेलाची बाटली असावी आणि ती कशी वापरावयाची हे त्याला पशुवैद्याने प्रत्यक्ष दाखवलेले असावे. दवाखान्यापासून दूर असलेल्या वनक्षेत्रातील गावांना एवढी पूर्वतयारी सहज करता येण्याजोगी आहे.